अर्धी बादली
आज सकाळी घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरातला नळ नुसताच फसफसला आणि दिवा स्टेशनजवळ राहणारी ती बाई आठवली. ऑपरेशनसाठी आमच्या वॉर्डात आलेली, आंघोळ न करता. "डोक्यावरून आंघोळ करून यायला सांगितलेलं ना? एवढं साधं कळत नाही?" नर्स म्हणून मी तिला सगळ्यांसमोर ओरडले. ती मान खाली घालून बाथरूममध्ये गेली. ओल्या केसांनी परत आली तेव्हा हळूच म्हणाली, "आमच्याकडे चार दिवस पाणी नाही, सिस्टर. इथे अर्धीच बादली घेतली. उरलेली कोपऱ्यात ठेवलीय, कुणाला लागली तर." माझ्याच्याने सॉरी म्हणवलं नाही. टॉवेल दिला, तोही तिच्याकडे न बघता. हल्ली मी पेशंटला आधी विचारते, घरी पाणी येतं का. तिला विचारलं नव्हतं.