पायाकडे चिमणी

नागपूरची पॅसेंजर भिलाईला टेकली तेव्हा दुपार कलली होती. शेजारच्या बाईने वाटेत लोणच्याची बरणी माझ्या मांडीवर लवंडली होती, त्यामुळे देशाच्या या नव्या पोलादनगरीचं पहिलं दर्शन मी तेलकट लुगड्यात घेतलं. लाल माती, अर्धवट रस्ते आणि सगळ्यांच्या वर उंच चिमणी (कारखान्याचं धुराडं).

माझा धाकटा भाऊ नामदेव भट्टीवर कामाला आहे. तो ड्यूटीवर असल्याने सेक्टर दोनचा पत्ता मीच विचारत निघाले. इथे डावं-उजवं कोणी सांगत नाही. "चिमनी पीठ पर रखो बाई, फिर दूसरी गली," सायकलवाला म्हणाला. क्वार्टरं सगळी एका साच्यातली, झाडं गुडघ्याएवढी. खुणेला दुसरं आहेच काय? माझी चिमणी पाठीवरून खांद्यावर सरकली असावी, कारण मी "वहिनी, पाणी दे गं" म्हणत एका बंगाली बाईंच्या घरात शिरले आणि वहाणाही काढल्या. त्यांनी हसून पाणी दिलं आणि मला खांद्याला धरून बरोबर दिशेला वळवलं.

वहिनीने तांदळाच्या पिठाचा चीला (आपल्या धिरड्याचा इथला भाऊ) आणि टोमॅटोची चटणी वाढली. तीन चीले खाल्ले, खोटं कशाला बोलू! पण घरात सूर बिनसलेला होता. भाची शकू जेवलीच नव्हती.

क्वार्टर मिळण्याआधी ही मंडळी जवळच्या उतई गावात राहत. तिथल्या तलावात शकू पोहायला शिकली, तीही उताणी. टाउनशिपच्या नव्या स्विमिंग पूलवरच्या मास्तरांनी तिला हेरलं. दुसऱ्या दिवशी निवडीची शर्यत होती; पहिली येईल ती जबलपूरच्या सामन्यांना जाणार. नामदेवने मात्र बजावलं होतं, हरली तर पोहणं बंद.

"पोरगी मोठी झाली, ताई. लोक पाहून राहिले," रात्री तो म्हणाला.

"पाहू दे की! डोळे त्यांचे, कष्ट तिचे. तुले कावून त्रास?" मी फटकारलं. माझीही नागपुरी अशा वेळीच बाहेर पडते. तो भात कालवत राहिला.

सकाळी शकूबरोबर स्विमिंग पूलवर गेले. पाणी निळंशार. सुरुवातीच्या भिंतीमागे पाहुण्यांसाठी शामियाना उभा राहत होता. शकू सरावाला उतरली आणि थोड्याच अंतरावर पाण्यातले पट्टे आखणाऱ्या दोरीला जाऊन आदळली. पुन्हा गेली, पुन्हा आदळली. मास्तर ओरडले. ती बाहेर आली ती रडतच.

"आत्या, चिमनी नाही दिखती ना!"

तेव्हा उलगडा झाला. उताणं पोहणाऱ्याला पुढचं दिसत नाही. उतईच्या तलावात ही पायांच्या सरळ रेषेत चिमणी ठेवून पोहायची, इथेही तेच. आता मध्ये कापड आलं होतं. मी संयोजकांकडे जाऊन शामियाना हलवायला सांगितलं. "बडे साहब को धूप लगेगी," उत्तर मिळालं. अस्सा संताप आला!

शर्यत दुपारची. पाहुणे स्थानापन्न झाले, मुली पाण्यात उतरल्या, आणि फाटकातून नामदेव आला. पहिली पाळी संपवून थेट आलेला, अंगावर भट्टीची काजळी. येणार नाही म्हणून सांगून गेलेला माणूस! मी दोन वाक्यांत घोटाळा सांगितला. तो शकूपाशी वाकला.

"चिमनी नाई दिसत, बाबा."

"मी हाओ ना. मले पाह."

त्याने पाहुण्यांच्या रांगेतली खुर्ची उचलली, शकूच्या पट्ट्याच्या नेमकी मागे ठेवली, वर चढला आणि खांद्यावरचा दुपट्टा धरलेला हात सरळ आभाळाकडे केला.

"नीचे उतरिए!" स्वयंसेवक धावला.

"दौड़ होने दो, फिर उतरता हूँ."

शिट्टी वाजली. शकू निघाली. डोळे बापावर, आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांना धक्काही नाही. मी काय काय ओरडले ते इथे लिहीत नाही. शेवटी शेजारच्या पट्ट्यातली मुलगी बरोबरीला आली, पण भिंतीला हात आधी लागला तो आमच्या शकूचा. मी चक्क रडले. नामदेव तसाच हात वर करून उभा होता, "अरे, जिंकली!" म्हणून मला त्याचा पायजमा ओढावा लागला.

परतताना तो स्टेशनवर पोचवायला आला. उगाच सामान इकडचं तिकडे करत होता.

"काय रे, आता तरी पोहू देशील ना?"

"ते नाई, ताई. जबलपूरले चिमनी नाई." तो खाली पाहत म्हणाला, "सुट्टीचा अर्ज देऊन आलो."

गाडी हलली. माझी जागा उलट्या तोंडाची होती. एरवी मी त्यावरून टीसीशी भांडले असते. आज बसून राहिले, आणि फलाटावरचा तो वर केलेला हात दिसेनासा होईपर्यंत मी चिमणीकडे पाहिलंच नाही.