ऐनाच्या जागी नीलगिरी

१९८३च्या ऑक्टोबरात, एका शनिवारी, मी भंडाऱ्याहून साकोलीमार्गे सानगडीपलीकडच्या एका गावी गेलो. तिथल्या ग्रामपंचायतीने नव्या इमारतीच्या विटा भाजण्यासाठी झाडे तोडली होती आणि पावसाळ्यात तेवढीच लावून भरपाई केली होती. ती बातमी मीच दिली होती, तिथल्या सरपंचांनी भंडाऱ्यात माझ्या हाती दिलेल्या एका कागदावरून. जागा पाहिली नव्हती. 'बातमी खोटी आहे, येऊन पाहा,' असे पत्र आले म्हणून निघालो.

साकोलीच्या स्थानकावर आलुबोंडा खाल्ला. सानगडीहून पुढे गाडी नव्हती. धुऱ्याधुऱ्याने (शेताच्या बांधावरून) चालत गेलो. हलके, लवकर पिकणारे धान पिवळे झाले होते.

पत्र लिहिणारे सोमाजी गावाबाहेर ऐनाच्या झाडांत गुलेल घेऊन पाखरे हाकत होते. या झाडांवर ते कोसा (रानरेशमाचे कोश) पिकवत. किडा झाडावर असेपर्यंत ते दाढी करत नाहीत, मासे खात नाहीत.

"चपला तिकडंच काढा जी. किडा बसला आहे."

पानोपानी बोटाएवढ्या हिरव्या अळ्या होत्या. अनवाणी दहा पावले गेलो आणि टाचेत काटा रुतला. सोमाजी हसले. "पेपरवाले ना! तुमचे पाय कागदावरच चालते."

अर्धे ऐन गेले होते. तिथे गुडघाभर नीलगिरी उभी होती. उरलेल्या अर्ध्यावरही तीच लावायची ठरली होती.

"झाडाच्या बदल्यात झाड देल्लं म्हणते पंचायत. किडा नीलगिरी खाते का जी? ज्यानं छापलं त्याले इथं आणा, हाच पाला चारतो."

मी वहीत लिहीत राहिलो. छापणारा मीच, हे सांगितले नाही.

दुपारी त्यांच्या घरी भात आणि लाखोरीची डाळ जेवलो. त्यांच्या पत्नी पार्बताबाईंनी सुईने काटा काढला. "हलू नका भाऊ! लेकरंबी एवढे ओरडत नाई." तेव्हाही सांगितले नाही.

मग सोमाजींबरोबर पंचायतीत गेलो. भिंतीवर माझ्या बातमीचे कात्रण चिकटवलेले होते. सरपंच हात जोडून उठले. "या, या! सोमाजी, अरे हेच ते. यायनंच तं आपली बातमी छापली!"

सोमाजींनी माझ्याकडे पाहिले. "सकारपासून काहून नाई सांगतलं जी?"

मी सरपंचांकडे वळलो.

कोसे व्हायला दहा-बारा दिवस लागणार होते. तोवर तोड थांबवा, अशी विनंती मी केली.

"तुमच्या बातमीवरच तं तालुक्यानं आणखी रोपं पाठवले. सुकून राहिले," सरपंच म्हणाले. "चुकलं म्हणून छापा. तो पेपर दाखवून थांबवतो. बुधवारपर्यंत वाट पाहतो."

रविवारी भंडाऱ्याला परतलो. दुरुस्ती चार ओळींची होती. पहिल्या मसुद्यात 'बातमीदाराने जागा पाहिली नव्हती' असे वाक्य होते. ते खोडून 'माहिती अपुरी होती' असे केले. तेही खोडले. मजकूर सोमवारी जायला हवा होता, तो मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने नागपूरला छापायला गेला.

दुरुस्ती गुरुवारी पान चारवर छापून आली. ऐनाची उरलेली झाडे बुधवारीच तोडली गेली, किड्यांसकट. सरपंचांनी याला दुजोरा दिला.