मरताना गाणारा राजा

दुपारी भाजी निवडताना मोबाइलवरची गाणी आपोआप पुढे सरकत गेली आणि कुठल्याशा परदेशी मेटल बँडचा राजा समोर आला. मुकुट, अंगरखा, छातीत तलवार. मागे गिटारींचा नुसता कल्लोळ, आणि हा पठ्ठ्या मरता मरता ताना घेतोय. त्याला काही केल्या मरण येईना आणि मला भाजी निवडता येईना. या वयात हे काय लागलं मागे?

बाबांना दाखवलं. संगीत नाटकांना त्यांनी आयुष्यभर ऑर्गनची साथ केली. आता त्यांना अजिबात ऐकू येत नाही. ते बघत राहिले. "इतका वेळ मरतोय म्हणजे आपल्यातलाच," म्हणाले. मग विचारलं, "कोणत्या पट्टीत गातोय?"

मला पट्टीतलं काय कळतंय? आणि कळलं असतं तरी कोणत्या कानात सांगणार होते? मी नुसती हसले. तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले आणि टेबलावर बोटं ठेवून साथ सुरू केली.

राजा केव्हाच मेला. बाबांची बोटं चालूच आहेत. गाणं संपलं हे सांगायला त्यांच्या हातावर हात ठेवावा लागेल, आणि तो माझ्याच्यानं ठेववत नाही.