बिनकिल्लीचं कुलूप आणि विश्वनाथअप्पा

विश्वनाथअप्पा कुणाच्याही घरी गेले तरी लगेच बसत नसत. आधी दार एकदा लावून बघत, एकदा उघडून बघत, मागच्या दाराला कडी आहे की कुलूप ते विचारत आणि मग खुर्चीच्या कडेवर टेकत. आमच्या पूर्णा गावात लोक त्यांना 'भित्रे अप्पा' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. "भेलेला माणूस गाडी वाचवतो," ते म्हणत, "धीट माणूस मागून अपघाताचा जबाब लिहून देतो."

रेल्वेत सिग्नलचे मिस्त्री म्हणून त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर ते आणि त्यांची बायको, अक्का, आमच्या शेजारी राहायला आले. मी पुण्यातली नोकरी सोडून परत आले होते आणि घराच्या पुढच्या खोलीत फोनवर उघडणारं कुलूप बनवत होते. किल्लीचं भोकच नाही. फोनवर बटण दाबलं की आतली छोटी मोटर खिट्टी मागे ओढणार आणि दांडी सुटणार. किल्ली हरवायला नको, चोराला तार घालायला जागा नको. मला त्या कुलपाचा भारी अभिमान होता.

अप्पा रोज सकाळी अंघोळ, लिंगपूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून माझ्याकडे यायचे आणि चष्मा वर सरकवून विचारायचे, "आज काय बिघडलं?"

"काही नाही, अप्पा."

"मग तुला दिसलं नसंल."

एकदा त्यांनी ते कुलूप हातात घेऊन बराच वेळ उलटंपालटं केलं. "बॅटरी संपली तर?"

"बंदच राहतं. एकदम सुरक्षित."

"कुणासाठी?"

मी कुलूप त्यांच्या हातातून काढून घेतलं. ते म्हणाले, "आमच्याकडं तार तुटली, लाइट गेली, काय बी झालं तरी सिग्नल लाल पडायचा. गाडी उभी राहील, पण माणूस मरणार न्हाई. हर चीज बिघडती, पोरी. कोन्त्या बाजूला बिघडावी, तेवढं आपल्या हातात असतंय. तुझं कुलूप कोन्त्या बाजूला बिघडतंय, ते ठरीव."

मी मनातून चिडले. कुलूप लावताना आत माणूस थोडाच असतो!

पहिलं कुलूप लावून बघायला बोरी गावचे एक बियाणं-खताचे व्यापारी, भगवानराव, तयार झाले. मे महिना होता. अप्पा म्हणाले, "मी बी येतो," आणि आम्ही एसटीने गेलो. गोदाम गावाबाहेर होतं. वर पत्रे, खिडकी एकही नाही, एकच लोखंडी दार, तेही बिजागरीतून खाली आलेलं. आत खताची पोती आणि कीटकनाशकांचे खोके. वासाने डोळे चुरचुरत होते.

जाड लोखंडातून फोनचा सिग्नल कुलपापर्यंत पोचतो का, हे मला बघायचं होतं. "मी आत जाते," मी म्हटलं. "अप्पा, तुम्ही बाहेरून लावा."

"तू आत असताना? मी न्हाई लावणार."

मी हसले आणि कुलूप भगवानरावांच्या हातात दिलं. दार बंद झालं. बाहेर खट्‌कन आवाज आला.

मी बटण दाबलं. मोटर घुरघुरली आणि थांबली. पुन्हा दाबलं. तेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आवाज दर वेळी बारीक होत गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुलपातल्या त्या एवढ्याशा बॅटरीत किती जोर उरलाय हे मलाच माहीत नाही. पत्रा तापून तडतडत होता. फोनच्या उजेडात खोक्यांवरच्या कवट्यांची चित्रं तेवढी दिसत होती. श्वास घेतला की घसा जळायचा. मी दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागले.

"बटन दाबू नको!" अप्पांचा आवाज फटीतून आला. "कामून दाबायलीस सारखं? हात खाली घे. फटीला तोंड लाव अन् माझ्याशी बोल."

भगवानराव ओरडत होते, "वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडर आणतो!"

"लाइट हाय का गावात?" अप्पांनी विचारलं.

लाइट नव्हती.

"पोरी, दांडी सुटायला आत काय हलतंय? नीट सांग."

मी रडत रडत सांगितलं. मोटर, खिट्टी, खिट्टीची खाच. बाहेरून अप्पांनी दार हलवून बघितलं.

"दार खाली लोंबकळायलंय," ते म्हणाले. "त्याचा सगळा भार दांडीवर आलाय. तुझी मोटर खिट्टी वडू शकंना गेलीय. भगवानराव, पहार आना. दाराखाली घाला. वर उचला. आनखी. पोरी, मी म्हनलो की दाबायचं. एकदाच."

पहार सरकल्याचा आवाज आला. दार कण्हलं. ते वर जाईपर्यंत मला आईचा चेहरा आठवेना, एवढंच आठवतं.

"दाब!"

मोटर घुरघुरली. दांडी सुटली.

बाहेर आले तेव्हा मला उन्हाने काहीच दिसेना. दिसायला लागलं तेव्हा अप्पा मातीत बसलेले होते. धोतर घामाने चिंब. दोन्ही हात असे थरथरत होते की भगवानरावांनी दिलेला पाण्याचा तांब्या त्यांना धरता येईना. मी धरला. ते दोन घोट प्याले आणि म्हणाले, "लय भेलो गं."

त्यानंतर मी कुलपाला साध्या किल्लीचं भोक ठेवलं, बॅटरी अर्ध्यावर आली की फोनवर सूचना पाठवायची सोय केली, मोटर बदलली. प्रत्येक कुलूप लोंबकळत्या वजनाखाली शंभरदा उघडून बघितल्याशिवाय मी बाहेर देत नाही. तरी दिल्यावर झोप नीट लागत नाही. अप्पांना हे सांगितलं तर ते खूश झाले. "झालीस मिस्त्री," म्हणाले.

यंदा दिवाळीनंतर अप्पा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवून माती दिली. तेराव्याच्या आदल्या दिवशी मी अक्कांजवळ बसले होते. बोरीची गोष्ट निघाली. मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी त्यांचे हात कसे थरथरत होते!"

अक्का म्हणाल्या, "तुला त्या एका दिशी दिसले. ड्यूटीवरून घरी आले की तसेच असायचे. मी त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात धरून बसायची. थरथर थांबली की मग ताट वाढायची."

"कधीमधी?" मी विचारलं.

"रोज," अक्का म्हणाल्या.