शुक्रवारी दाखवलेली खोली

खोलीत पाऊल टाकताच आधी आला तो ओल्या चुन्याचा वास, आणि त्यामागोमाग, जिन्यावरून चढत आलेला, कडुनिंबाच्या मोहोराचा. चैत्रातली दुपार कलली होती. पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन कोऱ्या भिंतीवर तिरपं पडलं होतं आणि अवघ्या गल्लीत अशी निश्चल शांतता पसरली होती, की खाली नळाशी कुणी बादली सरकवली तरी वर ऐकू यावी. एखाद्या सरळ मनाच्या माणसाला ती शांतता आवडली असती. मला पहिला संशय तिचाच आला, कारण तो शुक्रवार होता.

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. आठवडाभर ज्या भिंतींआड मागांची खटखट अखंड चाललेली असते, त्या भिंती त्या एका दिवशी गप्प होतात आणि कामगार इस्त्रीचे कपडे घालून निवांत रस्त्यावर दिसतात. खोली दाखवणारा एजंट रमाकांत याने सोमवारपासून माझे तीन फोन टाळले होते आणि वेळ दिली होती ती नेमकी शुक्रवारची. “ताई, एकदम शांत एरिया हाय. शाळा चालत बारा मिनटं. टेन्शन लेनेकाच नाय,” तो पुनःपुन्हा म्हणत होता. जो माणूस एकच गोष्ट तीनदा सांगतो तो चौथी लपवत असतो, असं माझं आपलं मत आहे. मी खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं तर बोटाला पांढरा, तलम तंतू चिकटून आला. सावरीचा कापूस म्हणून मनाची समजूत घालता आली असती, पण आसपास सावरीचं झाड नव्हतं.

घरमालकीण हिराबाई उंबऱ्यावर बसून होती. साठीच्या पुढची, लूमवर सुताच्या कांड्या भरण्यात जिचं आयुष्य गेलं अशी बाई. तिने नोकरीचं, लग्नाचं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तरं तयार होती. ती मात्र वज्रेश्वरीकडच्या माझ्या गावाबद्दल, आईच्या हातच्या भाकरीबद्दल विचारत राहिली आणि मी बोलताना डोळे बारीक करून ऐकत राहिली. अर्धा तास तिने मला असं कशासाठी बोलतं ठेवलं, ते मला कळेना, आणि जे कळत नाही त्याची मला धास्तीच वाटते.

तरी मला ती खोली हवी होती. बेचाळिसाव्या वर्षी हे सांगताना थोडं ओशाळायला होतं, पण मला पायी जगायचं होतं. वीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवते आणि वीस वर्षं भिवंडीबाहेरच्या शेलार गावातल्या घरून दादा मला मोटारसायकलवरून शाळेत सोडतो, दुपारी घेऊन येतो. दादा प्रेमळ आहे, आणि अडचण तिथेच आहे. कुठं निघालीस, कशाला, कितीला येशील, हे प्रश्न तो इतक्या मायेने विचारतो की रागवायलाही जागा उरत नाही. गोदामांकडे धावणाऱ्या ट्रकांच्या त्या रस्त्यावरून मला एकटीने चालता येत नाही, हेही खरंच होतं. म्हणून भिवंडीतच भाड्याने घर घ्यावं, जिथून शाळा, भाजीबाजार, दवाखाना आणि एसटी स्टँड, सगळं माझ्या दोन पायांच्या पल्ल्यात असेल, एवढंच मी मागत होते. दादाला सांगितलं तेव्हा तो हसला. “कर हौस. दोन महिन्यांत परत येशील,” एवढंच बोलला. त्याचं म्हणणं खरं ठरेल, याची मला मनापासून भीती वाटत होती. कारण एकदा परत गेले की पुन्हा निघण्याचं बळ माझ्यात उरणार नव्हतं.

म्हणून मंगळवारी शाळेतून लवकर निघाले, कुणाला न सांगता. शाळा ते गल्ली मोजून चौदा मिनिटं लागली, बारा नव्हे. गल्लीच्या तोंडाशीच तो आवाज सामोरा आला. खोलीच्या भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना होता. जिन्याच्या कठड्यावर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी एकसारखं थरथरत होतं, आणि कापसाचा तंतू हवेत संथपणे तरंगत होता, उन्हात तर सुंदरच दिसत होता. चोरी पकडल्याचा एक विकृत आनंद मला झाला, हे कबूल करायला हवं. मी वर गेले आणि हिराबाईला सुनावायला लागले. फसवणूक, खोटेपणा, असे जड शब्द मी वापरले. पण ते माझे मलाच ऐकू येत नव्हते. तिने शांतपणे माझं मनगट धरलं, मला जिन्यापर्यंत आणलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, “शुक्रवारी ये.”

टाळतेय, असं मला वाटलं. तरीही शुक्रवारी गेले, भांडण पुरं करायला.

“अगो, या गल्लीत बोलायचं ते शुक्रवारीच,” चहा ओतत ती म्हणाली. “सोयरीक शुक्रवारी, भांडण पण शुक्रवारी. बाकीचे दिवस कोणाला काय ऐकू येतंय? मीच सांगितलं त्या रमाकांतला, बाईला शुक्रवारी आण. एकटी बाई घरात घ्यायची, तर तिचा आवाज तरी ऐकाया नको?”

“आणि लूमचं का नाही सांगितलंत, मावशी?”

“भिवंडीत लूम हाय, ते काय सांगायचं?” ती खरोखरच चकित झाली होती. मग कप माझ्यापुढे सरकवत म्हणाली, “मंगळवारी तू बघाया आलीस, तवा मी म्हटलं, ही संशयी हाय. बरं झालं. संशयी बाई कडी लावून निजते. पण मी काय कमी न्हाय. बुधवारी तुझ्या शाळेसमोर जाऊन उभी होते. भावाच्या गाडीवर मागं बसून चाललीवतीस. तुझं तोंड बघितलं, आणि खोली तुलाच द्यायची ठरवलं.”

माझ्यावर कुणी असा पहारा ठेवला होता, याचा मला संताप यायला हवा होता. त्याऐवजी डोळ्यांत पाणी आलं. चहाचा कप उचलून मी ते लपवलं. रमाकांतला मात्र मी अजून माफ केलेलं नाही. फोन टाळायला त्याला कुणी सांगितलं होतं?

वैशाखात मी राहायला आले. पहिले आठ दिवस डोकं ठणकत होतं. मग कधीतरी तो आवाज भिंतीतच राहू लागला. सकाळी मी चालत शाळेत जाते, येताना वाट वाकडी करून मेथीची जुडी घेते, आणि कुठून आलीस असं कुणी विचारत नाही. हिराबाई गॅलरीतून बघत असते. ती काळजी आहे की पाळत, ते मी अजून ठरवलेलं नाही.

परवा, बुधवारी, दादा आला. दोन महिने होऊन आठ दिवस झाले होते. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ बोलला. त्याचे ओठ हलत होते. शब्द ऐकू येत नसले तरी ते सगळे मला पाठ होते. मी त्याचं मनगट धरलं, त्याला जिन्यापर्यंत नेलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हटलं, “दादा, शुक्रवारी ये.”

आज शुक्रवार. आषाढातली ढगाळ दुपार आहे, भिंत गप्प आहे, गजावरचा तंतू मी सकाळीच पुसला आहे. तो काय विचारणार ते मला माहीत आहे. वीस वर्षांत मी त्याला कधी उलट उत्तर दिलेलं नाही, आणि आवाजाच्या आडोशाने हात धरून बाहेर नेणं वेगळं, शांततेत समोर बसून ‘मी येणार नाही’ म्हणणं वेगळं. साऱ्या जगावर संशय घेऊन झाल्यावर आता मला संशय आहे तो फक्त माझ्याच आवाजाचा.

खाली मोटारसायकल थांबली. शुक्रवार असल्यामुळे ते स्पष्ट ऐकू आलं.