बसली जोडी

ओल्या सागवानाचा वास आला की आमची बैलजोडी आठवते. तिनं जंगलातली लाकडं ओढली तरच घरी चूल पेटायची. घरातला पहिला पदवीधर मी, गणेशगुडीच्या धुक्यात बुडालेल्या ऑफिसात नवाच लागलो होतो. एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. आत दोन डिस्क, दोन्हींवर सगळं सारखंच. साहेब म्हणाले, "पहिली बसली जणू. आज चालू न्हाई झाला तर उद्या येऊ नगंस, पदवीधर!" 'बसली' ऐकलं आणि धुक्यात कुठंतरी घुंगुरमाळ किणकिणली, बैल हाकणाऱ्या अप्पांची जुनी हाक आली, "उजवा बसला व्हय? जागा बदल त्यांची! वाट दोघांलाबी ठावं हाय." कॉम्प्युटर सुरू होताना पहिलीच्याच जागी बघत होता, मी केबलींची अदलाबदल करून दुसरीला तिथं जोडली. पडदा हळूहळू उजळला. आता निवृत्त झालोय. ती नोकरी शेवटपर्यंत टिकली, आणि आमच्या घरात पुन्हा कुणाला लाकडं ओढावी लागली नाहीत.