भट्टीतला गावठी कोंबडा

"जॉब कार्डाशिवाय भट्टीचं दार उघडायचं नाय, साहेब. तुम्हीच नियम केलाय."

जाधव भट्टीसमोर आडवा उभा होता. माझ्या दोन्ही हातांत जाड बुडाचं पातेलं. झाकणाच्या कडेला कणीक लावून ते घट्ट बंद केलेलं. आत कोंबडा. रविवार, सकाळचे साडेदहा, स्थळ सातपूरमधला आमचा कारखाना.

ही वेळ माझ्यावर कशी आली ते आधी सांगतो.

मी तेव्हा हीट ट्रीटमेंटचा इनचार्ज होतो. पोलादाचे गिअर आधी लाल होईपर्यंत तापवायचे, मग तेलात बुडवून एकदम थंड करायचे. त्याने ते कडक होतात, पण ठिसूळही होतात. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर दोन-तीन तास ठेवायचे. या शेवटच्या कामाला टेंपरिंग म्हणतात. त्यासाठी आम्ही फ्रान्सहून नवी भट्टी आणली होती. हीच भट्टी घ्या, असा हट्ट माझाच होता.

भट्टीबरोबर पास्कल नावाचा एक्स्पर्ट आला होता. त्याने ट्रायल घेऊन सर्टिफिकेटवर सही केली, की भट्टी चालू. आमचे वर्क्स मॅनेजर कुलकर्णीसाहेब मला बोलावून म्हणाले होते, "निकम, सही झाली नाही तर तू डिस्पॅचला. खोकी मोजत बसायचं." मला ते चांगलंच लागलं होतं. अठरा वर्षं आगीजवळ काढलेल्या माणसाने खोकी मोजायची?

पास्कल माणूस वाईट नव्हता. चूक आमची होती. पहिल्याच दिवशी आम्ही त्याला प्रेमाने मिसळ खाऊ घातली, वर तर्री आग्रहाने वाढली. त्यानंतर तो केळी आणि ग्लुकोज बिस्किटांवर जगत होता. दहाव्या दिवशी त्याने जाहीर केलं, की ट्रायल राहिली तर राहिली, मी शनिवारच्या विमानाने घरी जातो.

"त्याला त्याच्या घरचं जेवण घाल," कुलकर्णीसाहेब म्हणाले.

"मी, साहेब?"

"ते लोक मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात म्हणे. ते तुझंच काम आहे."

मी पास्कलला विचारलं. त्याचा चेहरा दहा दिवसांत पहिल्यांदा उजळला. रविवारी दुपारी माझ्या घरी जेवायचं आणि त्या दिवशीच ट्रायल पूर्ण करायची, या बोलीवर तो थांबला. दोन पदार्थ त्याने कागदावर लिहून दिले. पहिला, रेड वाईनमधला कोंबडा. आधी तुपात चांगला लालसर परतायचा, मग कांदा-लसूण आणि वाईन घालून, झाकण लावून, अगदी मंद आचेवर अडीच तास सोडून द्यायचा. दुसरा, पोच केलेली अंडी. म्हणजे अंडं फोडून गरम पाण्यात सोडायचं, पण पाणी उकळू द्यायचं नाही. कोंबडा म्हातारा हवा, असं त्याने दोनदा अधोरेखित केलं होतं.

म्हाताऱ्या कोंबड्याची सोय जाधवने केली. जाधव आमचा क्वालिटी इन्स्पेक्टर, मूळचा चांदवडचा. "आमच्याकडं हाय एक. तीन वर्साचा. लय भांडखोर हाय, घरचे कटाळलेत," तो म्हणाला. वाईन माझ्या मेव्हण्याने आणली. तो विंचूरला नव्याने निघालेल्या वायनरीत नोकरीला लागला होता. बाटलीवर लेबल नव्हतं, पण मेव्हण्याची खात्री होती.

रविवारी सकाळी सातला मी घरी अंड्यांची प्रॅक्टिस सुरू केली. कंपनीतून थर्मोकपल आणलं होतं, म्हणजे तापमान मोजायची तार. ती पाण्यात सोडली आणि मीटर ओट्यावर ठेवला. ठरवलं, बरोबर पंच्याऐंशी डिग्री. पहिली सहा अंडी पाण्यात गेली आणि त्यांच्या शेवया झाल्या.

माझी बायको मंगल दारात उभी राहून बघत होती. "अहो, वाटीत फोडून हळूच सोडा की."

वाटीतून सोडलं आणि सातवं अंडं जमलं. शहाण्या माणसाने तिथे थांबायला हवं होतं. पण जमलेली गोष्ट पुन्हा पुन्हा जमते का, हे बघितल्याशिवाय आमच्या धंद्यात विश्वास ठेवत नाहीत. मी ऐंशी, पंच्याऐंशी आणि नव्वद डिग्रीला प्रत्येकी चार अंडी घेतली आणि वहीत रीडिंग लिहिली. मंगल कपाळाला हात लावून बाहेर गेली.

दहाच्या सुमारास कोंबडा परतून झाला. मी वाईन ओतायला लागलो.

"अख्खी बाटली?" मंगलने विचारलं. "मग जेवणाऱ्याला घरी कोण सोडणार?"

तेवढ्यात गॅस फडफडला आणि गेला. दुसरा सिलिंडर नंबर लावूनही पंधरा दिवस आला नव्हता. स्टोव्हचा पंप बिघडलेला. मी चार शेजाऱ्यांची दारं वाजवली. रविवार असल्याने प्रत्येकाच्या शेगडीवर मटण होतं. सिलिंडर कोण देणार?

"सगळा गॅस अंड्यांत घालवलात," मंगल कडाडली. "आता फ्रान्सहून एवढी मोठी भट्टी आणलीय ना, तिच्यात घाला!"

ती चिडून बोलली होती. मी मात्र घड्याळ बघितलं. भट्टीची ट्रायल सकाळी आठपासून चालू होती, एकशे साठ डिग्रीला. कोंबड्याला तेवढंच लागतं. पोट बरं नसल्याने पास्कल एकपर्यंत गेस्ट हाऊसवर पडून राहणार होता. मी झाकणाला कणीक लावून घेतली, पातेलं स्कूटरवर पायांत ठेवलं आणि निघालो.

आणि आता जाधव जॉब कार्ड, म्हणजे आत जाणाऱ्या मालाच्या नोंदीचा कागद, मागत होता. आयएसओच्या ऑडिटची तयारी चालली होती, आणि कार्डाशिवाय काहीही भट्टीत जाणार नाही हा नियम खरोखरच माझा होता. वाद घालण्यात अर्थ नव्हता. जाधवने पेन काढलं.

"पार्टचं नाव?"

"कोंबडा."

"मटेरियल?"

"गावठी. तुलाच माहीत."

"वजन?" त्याने पातेल्यासकट काट्यावर ठेवलं. सहा किलो दोनशे. "टेंपरेचर एकशे साठ, टाईम अडीच तास. हार्डनेस किती पायजे?"

मी विचार केला. "मऊ."

त्याने 'मऊ' लिहिलं, माझी सही घेतली आणि मग बाजूला झाला. मी दार उघडलं, पातेलं ठेवलं, दार लावलं. वीस सेकंदांचं काम.

पास्कल एक वाजता कुलकर्णीसाहेबांबरोबर आला आणि थेट रेकॉर्डरकडे गेला. रेकॉर्डर म्हणजे तापमानाचा आलेख आपोआप काढणारं यंत्र. सकाळपासून सरळ चाललेल्या रेषेला साडेदहाच्या पुढे एक खड्डा पडला होता. घाईत रेकॉर्डर मी साफ विसरलो होतो.

"दार कुणी उघडलं?" पास्कलने विचारलं. आवाज अगदी शांत होता. त्याने पेनाला टोपण लावलं आणि खिशात टाकलं. रिकाम्या भट्टीची ट्रायल होती ती. दार उघडलं म्हणजे ट्रायल रद्द.

कुलकर्णीसाहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "लाईट गेली होती म्हण."

मी म्हणणारही होतो. मला खोकी दिसत होती. पण जाधवने पुढे होऊन जॉब कार्ड पास्कलच्या हातात दिलं. "रेकॉर्ड हाय, साहेब."

कार्ड मराठीत होतं. पास्कलने ते माझ्यापुढे धरलं. मी एकेक ओळ इंग्रजीत सांगितली. 'मऊ'पर्यंत आलो तेव्हा माझे कान तापले होते. कुलकर्णीसाहेब छताकडे बघत होते.

पास्कलने भट्टीच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "वाईन किती घातली?"

"अख्खी बाटली."

"दार उघडा."

जाधवने चिमट्यांनी पातेलं बाहेर काढलं. पास्कलने स्क्रू-ड्रायव्हरने कणीक फोडली. जो वास सुटला, तो त्या कारखान्यात त्याआधी कधी आला नव्हता. चांदवडचा भांडखोर कोंबडा हाडापासून आपोआप सुटत होता. पास्कल स्टुलावर बसला, कँटीनचे पाव मागवले आणि खायला लागला. दुसऱ्या वाढणीला त्याचे डोळे ओले झाले. खरं सांगतो, मलाही भरून आलं. मी आणि जाधव, दोघांनीही आडवा हात मारला. कुलकर्णीसाहेबांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. ते लांब उभे राहून पाव खात होते.

हात पुसून पास्कल पुन्हा आलेखाकडे गेला. खड्डा बोटाने मोजला. थंड माल आत गेल्यावर भट्टी किती लवकर पुन्हा तापते, याचीही ट्रायल असते. ती दुपारनंतर घ्यायची होती. आलेख चार मिनिटांत जागेवर आला होता. "ही झाली," तो म्हणाला. "रिकाम्या भट्टीची आता परत घेऊ. मी बसतो." भरल्या पोटाने तो संध्याकाळी सहापर्यंत बसला, पातेलं पुसून संपवलं आणि सही केली.

सर्टिफिकेटवर 'ट्रायल लोड', म्हणजे चाचणीला आत ठेवलेला माल, या रकान्यात त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं, एक कोंबडा. खाली कुलकर्णीसाहेबांची सही लागत होती. त्यांनी डोळे मिटून केली. मी डिस्पॅचला गेलो नाही.

तीन महिन्यांनी आयएसओचा ऑडिटर आला. त्याने नेमकी तीच फाईल काढली. मी, जाधव आणि कुलकर्णीसाहेब समोर उभे. त्याने सर्टिफिकेट वाचलं, कार्ड वाचलं, चष्मा काढला. कोंबड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"हार्डनेस मऊ लिहिलंय," तो म्हणाला. "तपासल्याचा रिपोर्ट कुठे आहे?"

रिपोर्ट नव्हता. माल खाऊन झाला होता. आम्हाला नॉन-कन्फॉर्मिटी मिळाली, म्हणजे ऑडिटमधला लाल शेरा. अख्ख्या ऑडिटमधला तेवढा एकच. नंतर हाताखाली आलेल्या प्रत्येक इंजिनिअरला मी एवढंच शिकवलं: भट्टीत काय वाटेल ते घाला, पण खायच्या आधी रीडिंग घ्या.